इंदुताईंची लाईन

इंदुताईंशी बोलायला लागलं की तिसरं मिनिट संपता संपता त्या मनगटावरचं घड्याळ बघायच्या आणि म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली." झालं, बोलणं संपलं. समोरचा माणूस अर्ध्या वाक्यात असला तरी इंदुताई वळून आपल्या कामाला लागलेल्या असायच्या. आमचे मालक देसाईसाहेब एकदा त्यांना कंपनीचं पुढच्या पाच वर्षांचं भवितव्य समजावून सांगत होते. भवितव्य दुसऱ्या वर्षात पोचलं आणि तीन मिनिटं झाली. साहेबांनी बिचाऱ्यांनी विचारलं, आणखी थोडं बोलू का. इंदुताईंनी क्षणभर विचार केला आणि तीन मिनिटं वाढवून दिली. साहेबांनी उरलेली तीन वर्षं त्यात कोंबून बसवली.

याचं कारण असं, की इंदुताई पंचवीस वर्षं साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आता हे सगळं सांगावं लागतं. तेव्हा दुसऱ्या गावाला फोन करायचा म्हणजे आधी एक्स्चेंजला नंबर सांगून ठेवायचा आणि वाट बघत बसायचं. ऑपरेटर बाई समोरच्या बोर्डावर इकडची पिन तिकडच्या भोकात घालून दोन गावं जोडून द्यायची, आणि तीन मिनिटं झाली की मध्येच येऊन तसं सांगायची. मग सगळं आपोआप व्हायला लागलं. बोर्ड काढला, इंदुताईंना फायलींच्या टेबलावर बसवलं. फायली बोलत नाहीत म्हणून त्यांनी महिन्याभरात नोकरी सोडली आणि वाईला माहेरी जाऊन बसल्या.

देसाईसाहेबांनी त्यांना तिथून शोधून काढलं. साहेब पूर्वी साताऱ्यात धंदा करायचे, रोज चार-पाच ट्रंककॉल लावायचे. इंदुताईंचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज पाठ होता. कुठल्याशा लग्नात मागून आवाज ऐकला आणि पंगतीतून उठून गेले म्हणे. सांगलीत कॉम्प्युटरचं ऑफिस टाकतोय, मशिनी एकमेकींना जोडायला कुणीतरी पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. जोडायचंय हा एकच शब्द इंदुताईंनी ऐकला आणि पुढच्या सोमवारी ट्रंक घेऊन सांगलीत हजर झाल्या.

ही सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. विश्रामबागेत औषधाच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. तीन खोल्या आणि चार माणसं: साहेब, इंदुताई, शिपाई महादू आणि मी. मी आष्ट्याची, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, नुकतंच लग्न होऊन सांगलीत आलेली. तेव्हा माझं डोकं लवकर तापायचं, अजूनही तापतं. प्रोग्रॅम लिहिणारी मी, म्हणजे ऑफिसात अक्कल असलेली मी एकटीच, असा माझा समज होता. वायरी जोडणं हे काय काम आहे, ते तर महादूनंही केलं असतं, असं मला वाटायचं. मी तसं एकदा बोलूनही दाखवलं होतं, त्याची आता लाज वाटते.

काम काय होतं तेही सांगते. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याला उसाच्या वजनाच्या पावत्या कॉम्प्युटरवर आणायच्या होत्या. हंगामात गेटावर गाड्यांची ही रांग लागते. पाच खिडक्यांवर पाच माणसं एकाच वेळी पावत्या काढतात, आणि पावतीचा नंबर मात्र पाची जणांत मिळून एकच, चालत जाणारा. दोन खिडक्यांनी एकाच क्षणी पावती काढली आणि दोघांना एकच नंबर मिळाला, तर गेटावर गळे धरले जाणार. ते होत नाही हे आधी ऑफिसात पारखून बघायला हवं. पाच माणसं बसवून पावत्या काढायला लावाव्यात, तर जेवण झाल्यावर त्यांना पेंग येते. म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहिला, तो माणसाचं सोंग घेऊन कळा दाबायचा. पहिल्या मशिनवरून हुकूम सोडला की बाकीच्या चार मशिनी आपोआप कामाला लागायच्या. पाचही मिळून दोन तासांत हजार पावत्या काढायच्या आणि शेवटी पहिलं मशिन सगळ्या पावत्या ताडून दुबार किती, गहाळ किती ते सांगायचं. मला याचा फार अभिमान होता.

पण हुकूम जायचा तो वायरीतून, आणि वायर इंदुताईंची. पाचही मशिनी एकाच काळ्या वायरीवर ओवलेल्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीमागं धातूचा एक सांधा आणि वायरीच्या दोन टोकांना दोन टोपणं. एक सांधा नीट नसला की पाचही जणी मुक्या. शिवाय प्रत्येक मशिनच्या आत तिचं नाव आणि तिचा नंबर भरावा लागे, आणि हाक कुणी कुणाला मारायची तेही.

मशिनींना नावं द्यायला साहेबांनी नद्यांची यादी आणली होती. इंदुताईंनी ती बघितलीसुद्धा नाही. त्यांनी सातारा, वाई, खंडाळा, आष्टा आणि सांगली अशी पाच नावं ठेवली, कारण गावं जोडायची त्यांना सवय होती, नद्या त्यांनी कधी जोडल्या नव्हत्या. त्यामुळं ऑफिसात दिवसभर वाईला खंडाळा लागत नाही आणि साताऱ्याला सांगली ऐकू येते पण उलट ऐकू येत नाही, असलं बोलणं चालायचं. एकदा माझे सासरे डबा द्यायला आले होते. इंदुताई आतून ओरडल्या की सकाळपासून आष्टा बंद आहे, काही हालचाल नाही. सासरे तिथूनच माझ्या माहेरी फोन लावायला धावले.

रोज सकाळी दहाला इंदुताई हजेरी घ्यायच्या. पाचही मशिनींवर पाळीपाळीनं बसायचं आणि तिथून बाकीच्या चौघींना हाक मारायची, म्हणजे एक शब्द पाठवून उत्तर येतं का बघायचं, अशा वीस हाका. मी म्हणायचे, साताऱ्यानं वाईला हाक मारली आणि उत्तर आलं, मग वाईवरून परत साताऱ्याला कशाला मारायची? त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. ह्यांचं त्यांना ऐकू येतं म्हणून त्यांचं ह्यांना येतं असं नसतं, पंचवीस वर्षं ऐकलंय मी. मग त्या विसाव्या हाकेपर्यंत मला प्रोग्रॅम चालवू द्यायच्या नाहीत. तोवर मी खुर्चीवर बसून धुमसायचे.

त्यांची एक वहीही होती. लाईनीत बिघाड झाला की त्यात तारीख, वेळ, काय झालं, का झालं आणि कुणामुळं झालं, असं सगळं लिहायच्या. शेवटचा रकाना मोकळा ठेवलेला चालायचा नाही. महादूनं झाडू मारताना वायर ओढली, तर महादूचं नाव. साहेबांच्या खुर्चीचं चाक वायरीवरून गेलं, तर साहेबांचं. माझं नाव त्यात किती वेळा होतं ते मी मोजलं नाही, पण एकदाचं चांगलं लक्षात आहे.

झालं असं, की मी एकदा वेळ वाचवायला म्हणून वाईतलं सगळं फ्लॉपीवर घेतलं आणि तसंच्या तसं खंडाळ्यात टाकलं. आतला नंबरही तसाच गेला, हे माझ्या लक्षातच आलं नाही. प्रोग्रॅम चालवला तर कधी हा ऐकायचा, कधी तो, कधी दोघंही नाही. दोन दिवस मी डोकं आपटून घेतलं. तिसऱ्या दिवशी इंदुताई दोन्ही मशिनींसमोर पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या आणि माझ्याकडं वळल्या. "एका नंबरावर दोन पार्ट्या बसवल्यास?" मी कुणाच्या ताटात हात घातल्यासारखं त्यांनी विचारलं. ती नोंद वहीत लाल शाईनं आहे. तेव्हापासून लाईनीच्या बाबतीत इंदुताई म्हणतील ते खरं, असं आम्ही सगळे धरून चालायला लागलो. त्याही धरून चालायला लागल्या.

आता मुख्य गोष्ट. कारखान्याचे इंजिनिअर पाटील दसऱ्यानंतरच्या सोमवारी येणार होते. त्यांच्यासमोर हजार पावत्यांत एकही दुबार नाही आणि एकही गहाळ नाही असं दाखवलं, तर काम आमचं. नाहीतर पुण्याची माणसं तयारच होती. साहेबांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की हे काम गेलं तर ते ऑफिस बंद करणार, वर्षभर रेटलं, आता त्यांच्यात दम नाही. सासूबाईंनी नोकरीला हो म्हटलं होतं ते अगदी तोंडदेखलं, ऑफिस बंद पडलं असतं तर दुसरीकडं कुठं जाऊ दिलं नसतं. बाहेर आल्यावर इंदुताई मला म्हणाल्या, "मी परत वाईला जाऊन बसणार नाही. सांगून ठेवते." आणि मशिनींकडं गेल्या. त्या दिवसापासून त्या एकदाऐवजी दिवसातून दोनदा वीस हाका मारायला लागल्या.

बुधवारी आम्ही पूर्ण तालीम केली. हजार पावत्या, दुबार शून्य, गहाळ शून्य. महादूनं न सांगता भडंग आणला. गुरुवारी खंडेनवमी होती. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं-अवजारं पुजतात, त्यांना काम लावत नाहीत. मग आमच्या मशिनी बंद ठेवल्या आणि सकाळी देसाईवहिनी पूजेला आल्या. झेंडूच्या माळा घातल्या, वहिनींनी आणि मी मशिनींना पुढून हळदकुंकू लावलं, एकमेकींना लावलं, नारळ फोडला. इंदुताई दाराशी वही घेऊन उभ्या होत्या. माझ्या हातात तबक होतं आणि मी त्यांच्या समोरून पुढं निघून गेले. मुद्दाम नाही केलं. इंदुताई विधवा, त्यांचं कपाळ मोकळं, त्यांच्यापुढं तबक थांबवायचं नसतं, हे मला लहानपणापासून इतकं अंगवळणी पडलं होतं की आपण काही केलं हेच मला कळलं नाही. सगळे गेल्यावर कुलूप लावायला त्या मागं राहिल्या. शुक्रवारी दसऱ्याची सुटी होती.

शनिवारी सकाळी वीसच्या वीस हाकांना उत्तरं आली. मी प्रोग्रॅम सुरू केला. चाळीस पावत्या झाल्या आणि खंडाळा गप्प. परत सुरू केला, साठाव्या पावतीला आष्टा गप्प, आणि सातारा सांगायला लागलं की बारा पावत्या गहाळ. दुपारपर्यंत सहा वेळा चालवून बघितला. दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडकायचा. साहेब दारात येऊन उभे राहिले आणि दोष कशात आहे एवढंच विचारलं. इंदुताईंनी वही उघडून दाखवली. "लाईन ठीक आहे. वीस हाका, वीस उत्तरं. दोष प्रोग्रॅममध्ये आहे."

साहेबांनी माझ्याकडं जे बघितलं ते मी विसरणार नाही. आणि वाईट म्हणजे मलाही ते पटलं. लाईनीचं इंदुताई कधी चुकत नाहीत, म्हणजे मीच चुकले असणार. घरी सगळ्या कागदांचा पसारा मांडून एकेक ओळ तपासली. काही केल्या चूक सापडेना. सासूबाई म्हणाल्या, एवढा जीव जात असेल तर सोडून दे की. मला त्यांचा राग आला, त्याहून इंदुताईंचा आला.

रविवारी सकाळी मी ऑफिसात गेले ती भांडायच्याच तयारीनं. इंदुताई आधीच येऊन बसल्या होत्या. मी त्यांच्याशी बोललेच नाही. माझा प्रोग्रॅम पाचही मशिनींवरून पुसून टाकला, अगदी पार. मग साताऱ्यावरून एक मोठी फाईल घेतली आणि नुसती वाईला पाठवली, बाकी काही नाही. अर्ध्यात अडकली. परत पाठवली, परत अडकली. "आता बोला," मी म्हणाले, "माझा प्रोग्रॅम तर मशिनीत नाहीच." माझा आवाज चढला होता, खाली औषधाच्या दुकानापर्यंत गेला असेल.

इंदुताई उठल्या. घड्याळ बघितलं नाही, काही नाही. पडद्यासमोर येऊन त्यांनी ती अडकलेली फाईल बघितली आणि स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या, की आपण हाक मारतो ती एका शब्दाची, ती पोचते, पण लांबलचक बोलायला घेतलं की मध्येच शब्द गळतायत, म्हणजे सांध्यात काहीतरी आहे. त्यांनी बॅटरी घेतली, वाईच्या मागं गुडघ्यावर बसल्या आणि सांधा फिरवून सोडवला. मग बॅटरी अगदी जवळ धरून त्याच्या आत बघितलं.

"स्वाती, इकडं ये."

मी गेले. सांध्याच्या आतल्या कडेला, खाचेत, लालसर पिवळं काहीतरी वाळून बसलं होतं. मला वाटलं गंज. तसं मी म्हणालेही.

"गंज नाही. कुंकू आहे," इंदुताई म्हणाल्या. "मी लावलंय."

त्या तशाच जमिनीवर बसून राहिल्या. मग त्यांनी सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत सांगते. एक्स्चेंजमध्ये लागून चार वर्षं झाली होती तेव्हा त्यांचे यजमान गेले. सत्तावीस वय. सासरच्यांनी नोकरी सोडायला सांगितली, ती त्यांनी सोडली नाही. त्या वर्षीच्या खंडेनवमीला बाकीच्या मुली बोर्डाला हळदकुंकू लावत होत्या आणि तबक त्यांच्या खुर्चीपाशी आलं ते न थांबता पुढं गेलं. कुणी वाईट बोललं नाही, कुणी काहीच बोललं नाही. दुसऱ्या वर्षापासून त्या खंडेनवमीची पहाटेची पाळी मागून घ्यायला लागल्या. कुणी यायच्या आत बोर्डाच्या मागं जायचं आणि पिनांच्या पितळी टोकांना ओल्या बोटानं हळदकुंकू लावायचं. पुढून लावलं तर दिसलं असतं. पितळेला त्यानं काही होत नसे, कामाच्या आधी सगळ्या पिना फडक्यानं पुसायचाच नियम होता. इथंही गुरुवारी सगळे गेल्यावर त्यांनी तेच केलं. पाचही मशिनींच्या पाठीमागं, सांध्यांना. पण हे सांधे बारीक, ओलं कुंकू खाचेतून आत ओघळलं आणि वाळलं, आणि इथं पुसायचा नियम नव्हता.

"ज्या बोर्डानं मला जगवलं त्याला मी कुंकू लावायचं नाही?" त्या म्हणाल्या. आवाज चढवून नाही, खरोखरच विचारल्यासारखं.

मला गुरुवारचं ते तबक आठवलं, आणि आपला हात न थांबता पुढं गेला ते आठवलं. साताऱ्यातल्या त्या मुलींना नावं ठेवायला मला तोंडच नव्हतं. मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. मला रडू आवरलं नाही, आणि इंदुताई माझ्यावर चिडल्या. रडायला वेळ नाही, उद्या पाटील येणार आहेत, खालून स्पिरिट आणि कापूस आण, म्हणाल्या.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. सगळे सांधे आणि दोन्ही टोपणं उघडली. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून एकेक खाच साफ केली. कापसाचे लाल बोळे वर्तमानपत्रावर साठत गेले. एक सांधा मी साफ करून पुढं सरकवला, तो त्यांनी बॅटरी मारून बघितला आणि परत माझ्याकडं टाकला. दोनदा. सगळं परत जोडलं, वाळू दिलं, मशिनींचे नंबर पुन्हा एकदा वहीशी ताडून बघितले. इंदुताईंनी वीस हाका मारल्या. एवढ्यावर आता त्यांचं समाधान नव्हतं. प्रत्येक गावाहून प्रत्येक गावाला ती मोठी फाईल पाठवायला लावली, वीस वेळा. सगळ्या पोचल्या. मग मी प्रोग्रॅम परत चढवला. दोन तास आम्ही दोघी पडद्यासमोर बसून होतो. हजार पावत्या. दुबार शून्य, गहाळ शून्य.

मी म्हणाले, साहेबांना काही सांगू नका, दमट हवेनं सांधे खराब झाले होते असं सांगू. वही पुढ्यात घेऊन त्या लिहायला बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली. साहेबांसमोर तुझ्यावर आळ घेतला होता, तो साहेबांसमोरच उतरवायला पाहिजे, म्हणाल्या. मी वहीत डोकावले. का झालं, या रकान्यात हळदकुंकू असं लिहिलं होतं आणि कुणामुळं, तिथं स्वतःचं पूर्ण नाव. काळ्या शाईनं लिहिलेलं खोडून परत लाल शाईनं लिहिलं होतं.

सोमवारी साहेब आल्या आल्या त्यांनी वही त्यांच्या टेबलावर ठेवली आणि उभ्यानं सगळं सांगितलं. महादू पाण्याची घागर घेऊन तिथंच थबकला होता, त्याच्यासमोर सांगितलं. काही गाळलं नाही. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, परत लावला. मला म्हणाले, स्वाती, माझंही चुकलं. आणि इंदुताईंना एवढंच विचारलं, की आता लाईन ठीक आहे ना. त्या म्हणाल्या, ठीक आहे.

पाटील अकराला आले. दोन तास पडद्यासमोरून हलले नाहीत. सातशेव्या पावतीला त्यांनी मुद्दाम आष्ट्याची कळ मध्येच दाबून बघितली. नंबर बरोबर पुढं चालत गेला. शेवटी साताऱ्यानं दोन शून्यं दाखवली. पाटील म्हणाले, हंगाम तोंडावर आलाय, मशिनी आजच टेंपोत घालून द्या, आणि ह्या बाईंना जोडायला चार दिवस पाठवा. साहेब खुर्चीत बसले ते थोडा वेळ उठलेच नाहीत.

दुपारी महादूनं वायरी सोडवल्या, मशिनी ओळीनं टेबलावर मांडल्या. नव्या कामाला निघाल्यात, तेव्हा नारळ फोडून कुंकू लावून पाठवू, साहेब म्हणाले. वहिनी काही आल्या नव्हत्या. साहेबांनी तबक माझ्या हातात दिलं. मी ते घेतलं आणि इंदुताईंसमोर जाऊन उभी राहिले.

"ताई, तुम्ही लावा."

त्यांनी साहेबांकडं बघितलं, पाटलांकडं बघितलं. साहेब मान हलवून हो म्हणाले. पाटलांना काही माहीत नव्हतं, ते टेंपोची वेळ बघत होते. इंदुताई मशिनींच्या मागच्या बाजूला जायला लागल्या.

"मागून नाही," मी म्हणाले. "पुढून लावा. दिसेल असं."

महादू कोपऱ्यातून म्हणाला, "लावा की ताई. वायरी समद्या सोडल्यात."

इंदुताई पुढच्या बाजूला आल्या. बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात टेकवलं आणि पहिल्या मशिनसमोर तसंच हवेत धरून उभ्या राहिल्या.

"एकवीस वर्षं मागून लावतेय गं," त्या हळूच म्हणाल्या. "पुढून कुठं लावायचं तेच कळेना झालंय."

मी पडद्याच्या वरची कड दाखवली. त्यांनी तिथं बोट टेकलं, आणि मी तबक धरून त्यांच्याबरोबर पाचव्या मशिनपर्यंत गेले.